स्पिरिटमध्ये निळा रंग टिकत नाही

मी काय नोकरी करत होतो हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग कालवणाची कृती विचारतो. त्यात त्याची चूक नाही. पुण्यासारख्या, समुद्र घाटाखाली सोडून आलेल्या शहरात एक माणूस सरकारी पगार घेऊन उभी हयात खेकडे ओळखत बसतो, यावर सरळ चेहऱ्यानं विश्वास ठेवणं कठीणच आहे. बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत कुणी बँकेत होतं, कुणी विम्यात होतं, आणि ‘कांबळेसाहेब खेकड्यांत होते’.

काम साधं होतं. कुठल्याशा ओढ्यातून, बंदरातून, कॉलेजातून खेकडे यायचे, ते कोणत्या जातीचे हे आम्ही सांगायचं आणि स्पिरिटनं भरलेल्या बरणीत घालून, चिठ्ठी बांधून फडताळात ठेवायचं. अशा बरण्यांनी भरलेल्या खोल्याच्या खोल्या होत्या. तो वास कपड्यांत इतका मुरायचा की बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहत असे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझी बायको शैलजा हिला मी चोरून पितो असा संशय होता. एकदा तिला ऑफिस दाखवायला नेलं, तेव्हा तो फिटला. ‘त्यापेक्षा प्यायला असतात तर बरं,’ एवढंच ती परत येताना म्हणाली.

नोकरीला लागलो तेव्हा वरिष्ठांनी पहिला धडा दिला तो असा, की रंगावर जायचं नाही. स्पिरिटमध्ये कुठलाही खेकडा काही दिवसांत फिका पडतो. निळा असो, तांबडा असो, सगळे शेवटी पिठल्याच्या रंगावर येतात. म्हणून ओळखायचं ते आकारावरून. खेकडा उलटा केला की पोटाला चिकटलेली एक झडप दिसते. नराची अरुंद, मादीची रुंद. नराची झडप उचलली की खाली दोन बारीक काड्यांसारखे अवयव असतात आणि त्यांच्या टोकाच्या वळणावरून जात ठरते. मी हे इतकं मनावर घेतलं की घरच्या ताटातला खेकडाही आधी उलटा करून झडप उचलून पाहायचो. मी खेकडे आवडीनं खातो. माझ्यासोबत खेकडे खायला मात्र घरात कुणी बसत नाही.

आता गंमत अशी की बाहेरचं जग खेकडा रंगावरूनच ओळखतं आणि त्यातल्या त्यात लोकांना निळ्याचं कौतुक फार. तपकिरी खेकड्यासाठी मला कधी कुणी फोन केला नाही. निळा दिसला की फोन. एकदा आमच्याच गल्लीतल्या एका घरात सासूबाईंनी जाहीर केलं की सुनेनं आणलेले खेकडे निळे होते, म्हणजे ते विषारी. तोवर कालवण झालं होतं. सून डबा घेऊन माझ्याकडे आली. डब्यात लालभडक रस्सा आणि त्यात लालभडक खेकडा, कारण निळा खेकडा शिजला की लाल होतो. मी बेसिनमध्ये तुकडा न् तुकडा धुऊन काढला. पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी होती, म्हणजे पोहणारा, समुद्रातला. बाजारात निळा म्हणून मिळतो तोच. त्यातला नर निळा आणि मादी मळकट हिरवी असते. एकाच टोपलीत दोन्ही दिसले की गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला फसवलं. मी निकाल दिला, ‘बिनधास्त खा.’ सून डब्याकडे पाहत म्हणाली, ‘खाल्ले असते हो काका, पण मसाला तर तुम्ही सगळा धुऊन टाकलात.’

खराडीच्या एका कंपनीतला मुलगा होता. घाटात ट्रेकला गेला आणि कातळावर त्याला जांभळट निळा खेकडा दिसला. सह्याद्रीच्या पठारांवर असे छोटे देखणे खेकडे खरोखरच आहेत. त्यानं फोटो पाठवला आणि लिहिलं, ‘सर, प्लीज स्पीशीज कन्फर्म करा ना, आज पोस्ट करायचंय.’ मी लिहिलं, पाठीवरून सांगता येत नाही, उलटा करून फोटो पाठवा. पाच मिनिटांत त्यानं तोच फोटो उलटा फिरवून पाठवला. खेकडा केव्हाच बिळात गेला होता. मुलानं माझ्यासाठी शक्य होतं ते केलं.

एवढं सगळं सांगितल्यावर वाचकाला वाटेल, या माणसानं जन्मभर निळे खेकडे पाहिले असतील. तिथंच तर खरी मेख आहे. माझ्यापर्यंत ते यायचे ते एक तर पांढरे होऊन किंवा लाल होऊन. जिवंत, निळा, आपल्या जागी बसलेला खेकडा मी नीट असा पाहिलाच नव्हता. आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, धायरीच्या हौसाकाकू भेटेपर्यंत.

निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. नऊवारी नेसलेल्या एक बाई, हातात पिशवी, शिपायाला न जुमानता थेट माझ्या टेबलाशी आल्या. ‘खेकड्याचे सायेब तुमीच का?’

‘मीच. खेकडा आणलाय का?’

‘त्यो कशाला यील हितं? तुमालाच यावं लागंल.’

मी बसा म्हटलं आणि त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे यजमान, बबनतात्या, धायरीतले जुने शेतकरी. टेकडीच्या पायथ्याला त्यांचं रान होतं आणि रानाच्या कडेनं ओढा. तात्या तरुणपणापासून सांगायचे की आमच्या ओढ्यात निळे खेकडे आहेत. गावात कुणी ते मानलं नाही. ओढ्यातला खेकडा तपकिरी, फार तर काळा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तात्यांनी पकडून दाखवायचे बरेच प्रयत्न केले, पण चारचौघांना घेऊन गेले की तपकिरीच निघायचे. पुढे रानावर इमारती झाल्या, ओढा पाइपात गेला आणि दाखवायचं राहूनच गेलं. देवळाच्या पारावर त्यांचे बालमित्र गुलाबआबा रोज विचारायचे, ‘काय बबन्या, आज कुटल्या रंगाचा घावला?’ सगळा पार हसायचा. तात्या गेले तेही थापाड्या म्हणूनच गेले.

‘आन् आता सायेब, त्ये गेल्यावर, आमच्या परड्यातल्या हौदात निळा खेकडा आलाय.’

हौदाला खालून कुठून तरी पाझर होता, पावसाळ्यात पाणी आपोआप चढायचं. काकूंचं म्हणणं, त्याच वाटेनं तो आला. गुलाबआबांचं म्हणणं वेगळं होतं. आजीची समजूत काढायला नातवानं दुकानातून आणून सोडला असेल, नाही तर मासळीच्या टेम्पोतून पडलेला समुद्रातला असेल.

‘वर्षश्राद्धाला सगळा पार जेवायला येणार हाय. तवा मला सांगायचंय त्यास्नी, की आमचे मालक खोटं बोलत न्हवते. पर म्या सांगून कोन ऐकतंय? तुमी सरकारी मानूस. तुमी सांगा, ह्यो वढ्यातलाच हाय का न्हाई.’

आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या ज्ञानाची खरी गरज होती. मी भाव खाऊन म्हटलं, ‘त्यात काय, पकडून स्पिरिटमध्ये घालून आणा, दुसऱ्या दिवशी सांगतो.’

काकूंनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. ‘मारायचा?’

‘ओळख पटवायची पद्धतच तशी आहे.’

‘मानसाची वळख पटवाया बी मारता काय तुमच्याकडं?’

शेवटी मीच गेलो. दोन बंगल्यांच्या मधे सिमेंटचा जुना हौद, तळाला दगडगोटे, शेवाळ. मी काठावर पालथा पडून, चष्मा सांभाळत आत पाहिलं. एका मोठ्या दगडाखाली काही तरी निळसर हललं आणि आत गेलं. काकू म्हणाल्या की आठवडाभर त्याचं असंच चाललंय, भाकरी टाकली तरी खात नाही, बाहेर येत नाही. मी वाट पाहू म्हणून सांगितलं. वाट पाहण्याचा मला सराव होता, माझे खेकडे कधी कुठं पळून जात नसत.

काही दिवसांनी दुपारी काकूंचा फोन आला. आवाज बसलेला. ‘सायेब, लवकर या. त्यो भायेर आलाय, पर हलत न्हाई.’

तळाशी उघड्यावर तो पडला होता. पाय पसरलेले, नांग्या सैल. मी बाही सरसावून हात घातला आणि त्याला अलगद वर काढला. सगळे पाय जागेवर, डोळ्यांच्या दांड्या जागेवर, पाण्यानं जडही लागला. आणि निळा. ऊन पडल्यावर पाठीवर तो रंग असा दिसला की मी क्षणभर कामाचं विसरलो. मग नेहमीच्या गंभीर आवाजात म्हटलं, ‘गेला.’

काकू हौदाच्या कट्ट्यावर मटकन बसल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘मालकांसारखंच क्येलंन. सगळ्यांनी बघायच्या आधी गेला.’ सांत्वन करता येत नाही अशा माणसानं करावं ते मी केलं, म्हणजे सल्ला दिला. म्हटलं, पाणी सडेल, डास होतील, हौद उपसून घ्या आणि तळाला ब्लीचिंग पावडर टाका. खेकडा डब्यात घालून मी ऑफिसात नेला आणि सवयीनं, कसलाही विचार न करता, स्पिरिटच्या बरणीत सोडला.

सकाळी तो काढून टेबलावर उलटा ठेवला. झडप अरुंद, म्हणजे नर. खालच्या काड्यांची टोकं भिंगातून पाहिली आणि मनात म्हटलं, काकू, जिंकलात. तो समुद्रातला नव्हता, दुकानात मिळणाऱ्या परदेशी जातीचाही नव्हता. पुण्याच्या आसपासच्या ओढ्यांत, भातखाचरांत जो साधा खेकडा असतो, अगदी तोच. एरवी तपकिरी असणारा. एकाच जातीत कधी कधी असे वेगळ्या रंगाचे निघतात. का निघतात, ते मला आजही माहीत नाही. रंगावर जायचं नाही म्हणून मी ते कधी शोधलंच नव्हतं.

मोठ्या समाधानानं मी तो वजन करायला उचलला. तो हातात कागदासारखा हलका लागला. स्पिरिट निथळून गेलं होतं आणि आत काहीच उरलं नव्हतं. पाठीच्या मागच्या कडेला, पोट जिथं सुरू होतं तिथं, एक रुंद फट होती.

खेकडा वाढतो तेव्हा त्याला कवच अपुरं पडतं. मग तो खाणं सोडतो, लपून बसतो आणि एके दिवशी मागच्या बाजूनं कवचातून सबंध बाहेर निघतो. पायांसकट, नांग्यांसकट, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट सगळी कात मागं राहते आणि ती हुबेहूब खेकड्यासारखी दिसते. नवा खेकडा मऊ पडलेला असतो, तो दगडाखाली निपचित बसतो. हे मी नवख्या मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवत असे. त्या दुपारी मी एका कातीला मृत घोषित केलं होतं आणि जिवंत खेकड्याच्या डोक्यावर ब्लीचिंग पावडर टाकायला सांगून आलो होतो.

काकू फोन उचलेनात. मी रिक्षा केली. सिंहगड रोडवर नेहमीची गर्दी होती आणि मी रिक्षावाल्याला सारखा लवकर चल म्हणत होतो. त्यानं शेवटी विचारलं, ‘काका, पेशंट कोण आहे?’ मी खेकडा म्हटलं. त्यावर तो धायरी येईपर्यंत गप्प बसला.

परड्यात मोटर चालू होती. हौद तळाला आला होता. काकूंचा मुलगा पावडरची पिशवी कात्रीनं कापत होता. मी फाटकातूनच ओरडलो, ‘अहो थांबा, टाकू नका, तो जिवंत आहे!’

‘सायेब,’ काकू म्हणाल्या, ‘कालच तर तुमी मेला म्हनालात.’

मी हौदात उतरलो. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलात. मोठा दगड हळूच कलता केला आणि त्याच्या आडोशाला, बोटभर पाण्यात, तो होता. आधीपेक्षा मोठा, अंग आक्रसून बसलेला. बोट लावलं तर भिजलेल्या पापडासारखा मऊ. त्यानं नांगी उगारायचा प्रयत्न केला, पण नांगीत जोर नव्हता. मी दगड पुन्हा तसाच ठेवला आणि मोटर बंद करा, पाणी सोडा, असं सांगत वर आलो. काकूंनी मला पाणी दिलं, माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तुमी मानसांचे डागदर न्हाई झाला, लई बरं झालं.’

मग कट्ट्यावर बसून मी निकाल सांगितला. मला थोडा संकोच वाटत होता. म्हटलं, ‘काकू, ही काही नवीन जात नाही. साधाच खेकडा आहे, नेहमीचा.’

‘वढ्यातला?’

‘इथल्याच ओढ्यातला. समुद्रातला नाही, दुकानातला नाही.’

‘आन् निळा?’

‘निळा.’

‘मग झालं तर. आमचे मालक तरी दुसरं काय म्हनायचे?’ त्यांनी डोळे पुसले आणि मला चहा ठेवायला आत गेल्या.

वर्षश्राद्धाला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पंगत उठली होती. पारावरची मंडळी मांडवात पान खात बसली होती. काकूंनी मला पुढं केलं आणि मी बोलायला उभा राहिलो. दोन वाक्यांत आटपणारं काम होतं. मी झडपेपासून सुरुवात केली. नराची झडप, मादीची झडप, काड्यांची वळणं. भटजी दक्षिणा मोजत होते, ते बाहेर जाऊन बसले. लोक जांभया द्यायला लागले तेव्हा मी म्हटलं, पुरावाच दाखवतो, आणि पिशवीतून बरणी काढली.

बरणी वर धरली तेव्हा माझ्या लक्षात आलं. महिनाभर स्पिरिटमध्ये राहून ती कात पांढुरकी, किंचित गुलाबी झाली होती. निळ्याचा मागमूस नव्हता. जन्मभर एकच गोष्ट मला पक्की ठाऊक होती, स्पिरिटमध्ये रंग टिकत नाही, आणि निळ्या रंगाचा माझ्याजवळचा एकमेव पुरावा मी स्वतःच्या हातानं स्पिरिटमध्ये घालून ठेवला होता.

‘ह्यो तर गुलाबी हाय,’ कुणी तरी म्हणालं. गुलाबआबा काठी टेकत पुढं आले, बरणी उजेडात धरली आणि मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बबन्यानं मेल्यावर बी हसवलं बगा.’ मांडव हसला. मी काकूंकडे पाहायचं टाळलं. त्या बाईंनी एवढ्या विश्वासानं मला उभं केलं होतं आणि मी तात्यांना, गेल्यानंतर, आणखी एकदा खोटं पाडलं होतं. कुठं तोंड लपवावं असं झालं मला.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी गुलाबआबांच्या हातातून बरणी घेतली, माझ्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, ‘आबा, उठा. हौदावर चला.’

‘आता हौदावर काय?’

‘चला म्हनते न्हवं.’

सगळेच उठले. हौद काठोकाठ भरला होता. काकूंनी श्राद्धाच्या पानातली भाताची मूद आणली होती, तिच्यातली चार शितं पाण्यात सोडली आणि सगळ्यांना गप्प उभं केलं. बराच वेळ काही झालं नाही. मागच्या रांगेतले कुजबुजायला लागले. खेकडा लोकांना पाहून बाहेर येत नाही हे मला ठाऊक होतं. मग दगडाच्या कडेला एक नांगी दिसली. तो तिरका चालत उघड्यावर आला, उन्हात थांबला आणि शितं एकेक करून तोंडाकडे न्यायला लागला. नवं कवच टणक झालं होतं. पाठ गर्द निळी, पाय फिकट निळे, सांध्यांशी थोडे केशरी. माझ्या खोल्यांतल्या फडताळांत त्याचे कितीतरी भाईबंद होते. त्यातला कोण कसा दिसत होता, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, मला तर मुळीच नाही.

गुलाबआबा काठी बाजूला ठेवून, गुडघे धरत, कट्ट्यावर बसले. पाण्यात वाकून पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हौदात पडलं तसा खेकडा दचकून दगडाखाली गेला, तरी ते तिथंच पाहत होते.

‘निळाच हाय की रं, बबन्या,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘आता पारावर मी कुनासंगं भांडू?’